शेवटून अकरावा दिवस

मनकर्णा आत्याला दिल्लीला न्यायचं ठरलं त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तसा मी काळजी करण्यात हौशी माणूस आहे. अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड रूम सांभाळतो. कुठला कागद कुठं गहाळ होईल याची धास्ती बाळगायचाच मला पगार मिळतो म्हणा ना. बसमध्ये बसलो की उतरायचं ठिकाण गेलं की काय, असं वाटत राहतं. पण या वेळी काळजीला कारण होतं, आणि ते कारण मी आत्यापासून लपवलं होतं.

निघायच्या दहा दिवस आधी मी दिल्लीतल्या त्या घरी फोन केला होता. ते घर म्हणजे अण्णासाहेब टापऱ्यांचा जुना बंगला. अण्णासाहेब आमच्याकडचे, वऱ्हाडातले. एके काळी खासदार होते, पुढं उपमंत्री झाले. ते गेल्यावर सरकारनं त्यांच्या बंगल्याचं संग्रहालय केलं. त्यांचा पलंग, चष्मा, लिहायचं मेज, सगळं जागच्या जागी ठेवलं. फोनवर मी विचारलं, "बैठकीच्या खोलीत एक निळी-पांढरी सतरंजी आहे, ती अजून आहे ना?" पलीकडचा माणूस म्हणाला, "दरी? रेनोवेशन में बहुत सामान बदल गया, भाईसाहब. कह नहीं सकते." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

हे मी आत्याला सांगितलं नाही. तिकिटं काढून झाली होती हे एक. आणि दुसरं म्हणजे आत्याचे डोळे. काचबिंदूनं डावा डोळा गेलेला, उजव्यातही आता फक्त रंग आणि सावल्या उरल्या होत्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की जे बघायचं ते या वर्षात बघून घ्या.

आत्या पंचाहत्तर वर्षांची. उंच, काटक. राहते अकोटला, नातवाकडं. उभी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी वेचण्यात गेली, पण जन्म विणकराच्या घरचा. माझे आजोबा, खुशाल तायडे, अकोटला सतरंज्या विणायचे. एकोणीसशे एकसष्ट साली अण्णासाहेबांनी दिल्लीच्या घरासाठी त्यांच्याकडून एक मोठी सतरंजी विणून घेतली. बारा हात लांब, चार हात रुंद, निळे-पांढरे पट्टे. ती सतरंजी मागावर असतानाच आजोबांचं दोन वर्षांचं लेकरू, सुमेध, तापानं गेलं.

आणि आमच्या घरातलं भांडण तिथून सुरू झालं. आजी मरेपर्यंत एकच सांगत राहिली. लेकरू पहाटे गेलं, दुपारी माती झाली आणि मातीहून आलेला माणूस हातपाय धुऊन सरळ मागावर जाऊन बसला. दिवस मावळेपर्यंत उठला नाही. त्यानंतर दहा दिवस विणली, अकराव्या दिवशी सतरंजी दिल्लीला गेली. "लेकरू मातीत, अन् हा मानूस मंत्र्याची सतरंजी इनून राहिला," हे वाक्य आजीच्या तोंडून मीही लहानपणी ऐकलंय. तिनं नवऱ्याला जेवू घातलं, संसार केला, पुढं माझ्या वडलांना जन्म दिला, पण माफ केलं नाही. वडील सात वर्षांचे असताना आजोबा गेले, त्यामुळं वडलांना बाप कळला तो आजीच्या तोंडूनच. रामराव मास्तर, माझे बाबा, आज बासष्ट वर्षांचे आहेत. आमच्या घरात आजोबांचा फोटो नाही, कारण तो कधी काढलाच नव्हता. पण असता तरी बाबांनी तो लावला नसता.

आत्या तेव्हा दहा वर्षांची होती. त्या दिवशी तिला शेजाऱ्यांकडं धाडलं होतं, त्यामुळं घरात काय झालं ते तिनं पाहिलं नाही. मात्र एक गोष्ट तिला ठाऊक होती जी आजीला नव्हती. आजोबांची एक खोड होती. दिवसाचं काम थांबवताना शेवटचा बाणा, म्हणजे आडवा धागा, ते दुहेरी घालायचे, म्हणजे आज किती विणलं ते कळावं. धागा पंज्यानं, म्हणजे लोखंडी फणीनं, असा ठोकून बसवायचे की दिसायचं काही नाही, पण बोट फिरवलं तर एक बारीक वळ लागायचा. व्यापाऱ्याला कळलं असतं तर त्यानं माल परत केला असता. आत्या आजोबांच्या हाताखाली सूत भरायची, म्हणून तिला ते गुपित ठाऊक होतं. दोन वळांच्या मधली पट्टी म्हणजे आजोबांचा एक दिवस.

गेल्या वर्षी तिचा नातू धर्मेंद्र मोबाईलवर दिल्लीतल्या जुन्या घरांचा कुठला तरी व्हिडिओ बघत होता. आत्या अगदी जवळ तोंड नेऊन बसली होती. एकदम ओरडली, "थांबव! थांबव बे!" पडद्यावर अण्णासाहेबांची बैठक होती आणि खाली निळे-पांढरे पट्टे. त्याच संध्याकाळी तिनं मला फोन केला.

"लल्या, मले दिल्लीले घेऊन चाल. मले थो दिवस पाह्याचा हाय."

"कुठला दिवस, आत्या?"

"शेवटून अकरावा. बा त्या दिवशी इनून राहिला होता का नाई, थे सतरंजीत असन."

मी बाबांना विचारलं, तुम्ही येता का. ते पेपर वाचत होते. पेपर न हलवता म्हणाले, "जाऊन या. मले माईत हाय काय निंगन थे."

फेब्रुवारीत आत्या अकोटहून एसटीनं अमरावतीला आली. सोबत दोन पिशव्या. एकीत लुगडी, दुसरीत संत्री. तिची मुलगी माया शेंदूरजनाघाटला दिली आहे, तिच्या बागेतली. इतकी संत्री कशाला, म्हणून मी कुरकुरलो. "परक्या घरी जाऊन राहिलो, रिकाम्या हातानं जाता का?" आत्या म्हणाली. तिच्या लेखी ते संग्रहालय नव्हतंच, अण्णासाहेबांचं घर होतं. नागपूरहून आम्ही गाडी धरली आणि रात्रभर ती ठार झोपली. मी मात्र दर स्टेशनला पिशव्या मोजत होतो.

पहिला दिवस आम्ही अलीपूर रोडला बाबासाहेबांच्या स्मारकावर घालवला. आत्याचा तो हट्टच होता, आणि माझीही इच्छाच होती. तिनं दारातच चपला काढल्या. पहारेकरी म्हणाला, चपला घालून चालेल. ती ऐकेना. थंड फरशीवरून अनवाणी चालत ती सगळीकडं फिरली, जिथं थांबली तिथं हात जोडले. माझा हात धरून बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "इथं घर कोठं हाय, लल्या? हे त सारं नवं बांधलं वाटते." मी सांगितलं की जुनी इमारत राहिली नाही, आता ही उघड्या पुस्तकाच्या आकाराची नवी बांधली आहे. मेट्रोत बसल्यावर हळूच म्हणाली, "घरच नवं होते, त मंग सतरंजी कोठून राहीन व माय?"

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मेट्रो बोगद्यात होती, खिडकीबाहेर काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिचं मन रमावं म्हणून मी आणखी दोन जुनी घरं दाखवली, मोठ्या नेत्यांची. खरं सांगायचं तर मी वेळ काढत होतो. मेट्रोच्या तपासणीत आत्याचा अडकित्ता काढून घेतला म्हणून तिथल्या शिपायाशी तिचं भांडण झालं, तेवढाच माझा जीव हलका झाला. पण त्या घरांनी भलतंच केलं. प्रत्येक खोलीच्या दाराला काच. काचेच्या आत पलंग, त्यावर घडी केलेली चादर, बाजूला कंदील, खाली जोडा. आत्या काचेला नाक लावायची आणि मी तिला आत काय काय आहे ते वाचून दाखवायचो. दुसऱ्या घरात तिनं काचेवर पंजा ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"लल्या, त्या घरीबी असंच असन का?"

"कसं?"

"काचेच्या आत. मले दिसत नाई, तुले माईत हाय. मले हात लावून पाहा लागते."

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी इतके दिवस सतरंजी असेल का या एकाच काळजीत होतो. ती असली आणि काचेमागं असली तर? आत्या तेराशे किलोमीटर येऊन काचेला नाक लावून परत जाणार. त्या दिवशी लॉजवर मी एक अर्ज लिहिला. माननीय महोदय, सविनय सादर, वयोवृद्ध महिला, दृष्टिदोष, केवळ दोन मिनिटं स्पर्श करण्याची परवानगी. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडली, आत्याच्या आधार कार्डाची जोडली. तीन प्रती केल्या. हिंदी बरोबर आहे का ते लॉजच्या मॅनेजरकडून तपासून घेतलं. माझ्याच्यानं जे होतं ते एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही अण्णासाहेबांच्या बंगल्यात शिरलो. पांढरे खांब, पुढं हिरवळ, कडेला फुलांचे वाफे. बघायला आलेलं दुसरं कोणी नव्हतं. दारातल्या पहारेकऱ्याला मी अर्ज दिला. त्यानं तो उलटा धरून पाहिला आणि म्हणाला, मॅडम बारा बजे आएँगी, तब तक घूम लीजिए.

बैठकीच्या दाराला काच नव्हती. नुसता एक दोर बांधला होता. मला हायसं वाटलं. आत वेताच्या खुर्च्या, मधे चौरंग, आणि खाली सतरंजी. निळी-पांढरी.

मी नीट बघितलं. ती कोरी होती. पट्टे तेच, पण निळा रंग असा चकचकीत की कालच दुकानातून आणल्यासारखा. कडेला शिवलेली कापडी पट्टी, कोपऱ्यात छोटासा शिक्का. हे मला दिसत होतं. आत्याला फक्त निळं-पांढरं दिसत होतं. तिनं माझ्या मनगटावर हात घट्ट केला.

"हाय रे, लल्या. हायच."

एक क्षण माझ्या मनात आलं की गप्प राहावं. दोर आहे, हात लावता येत नाही, लांबून बघितलं, समाधान झालं, चला. बाबांनाही तेच सांगता येईल. खोटं ठरवायला कोण येणार होतं? मी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात आत्यानं माझा हात सोडला, लुगड्याचा काठ वर धरला, दोराखालून वाकून आत गेली आणि उकिडवी बसली. तिनं तळवा सतरंजीवर ठेवला. वीतभर फिरवला, आणि लगेच उचलून घेतला, चटका बसल्यासारखा.

"हे नाई. हे त मशीनची हाय."

मागून शिट्टी वाजली. पहारेकरी धावत आला. "माताजी! अंदर नहीं, अंदर नहीं! बाहर आइए!" आत्या उठेना. मी दोराच्या अलीकडं उभा, हातात अर्जाच्या उरलेल्या दोन प्रती. त्या मी पहारेकऱ्यासमोर नाचवत होतो आणि काय बोलत होतो ते माझं मला कळत नव्हतं. गोंधळ ऐकून आतून एक बाई आल्या. त्या सीमा मॅडम, तिथल्या व्यवस्थापक, आज लवकर आल्या होत्या. चेहरा कडक. इथल्या वस्तूला हात लावणं गुन्हा आहे, त्या म्हणाल्या, पोलिसांना बोलवावं लागेल. सरकारी नोकर माणूस मी, निलंबनाच्या आदेशाचा मसुदासुद्धा माझ्या डोळ्यांपुढं येऊन गेला.

आत्या बसल्या जागेवरून बोलली. तिचं हिंदी अकोटच्या बाजारातलं. "मॅडम, पुलिस बुलाओ तो बुलाओ. पर पहले ये बताओ, मेरे बाप की दरी कहाँ है? यहाँ जो थी, वो मेरे बाप ने बनाई थी. मैंने गठान मारी है उसको. मेरेको उसमें कुछ देखना है. उसके बाद मेरेको लेके जाओ जहाँ लेके जाना है."

सीमा मॅडमनी मला विचारलं, हे खरं आहे का. मी अर्ज पुढं केला. त्यांनी तो सगळा वाचला, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. हात लावायला कोणी अर्ज केल्याचं त्यांनी नोकरीत पहिल्यांदा पाहिलं असावं. म्हणाल्या, जुनी दरी फाटली होती. त्यांच्या आधीच्या साहेबांनी नूतनीकरणात ती यादीतून काढली आणि तशीच दुसरी बनवून घेतली. जुनी कुठं गेली याची नोंद नाही.

नोंद नाही. मी रेकॉर्ड रूमचा माणूस, या दोन शब्दांचा अर्थ मला विचारू नका. मी आत्याला उठवायला वाकलो. "मले माईत होतं," असं ती म्हणेल, निदान मला शिव्या घालेल, असं वाटलं. ती त्या नव्या सतरंजीची कड चाचपत राहिली. मग मीच बोलून टाकलं, "आत्या, मी फोन केला होता. ते म्हणाले होते, सांगता येत नाही. मी तुझ्यापासून लपवलं."

"काहून लपवलं बे?" एवढंच तिनं विचारलं.

त्याच वेळी पहारेकरी खाकरला. "मैडम," तो बिचकत म्हणाला, "वो पीछे माली लोग बिछाते हैं, वो तो नहीं?"

बंगल्याच्या मागच्या अंगाला पाण्याची टाकी आणि एक कडुलिंब होता. त्याखाली तीन माळी डबे सोडून बसले होते. त्यांच्याखाली एक मळकट, करड्या रंगाचं जाजम. जवळ गेल्यावर कळलं की ते कधी काळी निळं-पांढरं होतं. अर्ध्याहून थोडं जास्त उरलेलं. एका टोकाला दशांच्या गाठी, दुसरं टोक कापून मुडपून जाड दोऱ्यानं शिवलेलं. मधे बिडीनं जळालेली भोकं. त्यावर वरणाचे डाग.

माझं डोकं फिरलं. भीती कुठल्या कुठं गेली. मी सीमा मॅडमकडं वळलो आणि हिंदी-मराठी जे येईल ते बोलत सुटलो. काचेत ठेवायची वस्तू तुम्ही जेवायला अंथरता? याची चौकशी झाली पाहिजे, मी वर लिहिणार. माळी घाईघाईनं डबे उचलून उठायला लागले.

"बैठो, बैठो," आत्या त्यांना म्हणाली आणि मग मला, "तू चूप बस. सतरंजी बसाले असते. लोक बसून राहिले, तुह्या बाचं काय गेलं?"

तिनं चपला काढल्या आणि गाठी असलेल्या टोकाशी बसली. दशा बोटांत घेतल्या, एकेक गाठ चाचपत गेली. चार-पाच गाठींनंतर थांबली. "ह्या माह्या हाय," ती म्हणाली. "मी डावखोरी. माही गाठ उलटी पडते." त्या आठवड्यात प्रथमच तिच्या आवाजात हसू ऐकलं. पण ते टिकलं नाही. गाठींचं टोक म्हणजे सतरंजीचा शेवट. तिथून मोजायचं होतं.

तिनं दोन्ही तळवे पसरले आणि बोटांची टोकं पुढं सरकवायला लागली. वीतभर गेल्यावर थांबली. "हा शेवटचा दिवस." माझं बोट धरून तिनं त्या जागी ठेवलं. मला काही लागेना. नुसतं खरबरीत कापड. "दाबू नको, सरकव," ती म्हणाली. मी सरकवलं, आणि बोटाखालून एक बारीक वळ गेला. मी ज्यांचा फोटोसुद्धा पाहिला नाही, त्या माणसानं एका संध्याकाळी इथं काम थांबवलं होतं.

दोन. तीन. पट्ट्या मोठ्या होत्या, वितीपेक्षा चार बोटं जास्तच. आत्याचा चेहरा आक्रसत गेला. "मायचं खरं होतं," ती पुटपुटली. "लई इनलं त्यानं." चौथ्या पट्टीशी एक माळी तिथून डबा घेऊन सरकला. पाच, सहा. सातव्या पट्टीत जळालेलं भोक होतं, तिथं वळ सापडेना. ती मागं गेली, पुन्हा सहाव्यापासून आली, मग भोकाच्या बाजूनं बोट नेऊन तो पकडला. माझं लक्ष तिच्या बोटांवर कमी आणि कापून शिवलेल्या टोकावर जास्त होतं. ते जवळ येत होतं. आठ. टोक दीड हातावर. नऊ. मी मनातल्या मनात विती मोजल्या आणि मला कळलं की हे पुरणार नाही. दहावी पट्टी जेमतेम बसेल, आणि त्यापुढचा दिवस कापलेल्या अर्ध्यात गेला असेल. तो अर्धा भाग कुठं आहे, असं मी एका माळ्याला हळूच विचारलं. तो म्हणाला, पंपघरात होता, कुजला, टाकून दिला.

"धा," आत्या म्हणाली. तिचं बोट दहाव्या वळावर होतं. पुढं शिवण. मधे उरलं होतं ते बोटभर कापड.

मी डोळे मिटून घेतले. परत जाऊन बाबांना काय सांगणार, या वयात आत्याला हे कसं पेलणार, आणि हे सगळं माझ्यामुळं, मी आधीच सांगितलं असतं तर ती आलीच नसती.

"लल्या."

"आत्या, जाऊ दे. चल."

"लल्या, इथं बोट ठेव."

तिनं माझं बोट शिवणीच्या अगदी अलीकडं टेकवलं. वळ होता. दहाव्या वळापासून जेमतेम एका बोटावर दुसरा वळ. मी पुन्हा सरकवलं. मागं, पुढं. वळ, बोटभर कापड, वळ.

"कापलं नाई," आत्या म्हणाली. "दिवसच एवढा हाय."

मला समजायला वेळ लागला. दुपारी मातीहून आलेला माणूस मागावर बसला, दिवस मावळेपर्यंत उठला नाही, आणि त्या सगळ्या वेळात त्यानं विणलं ते हे. बोटभर. पाच-सहा बाणे. आणि मग उठताना रोजच्यासारखाच दुहेरी धागा घालून दिवस बंद केला.

"बसला होता बा," आत्या म्हणाली. "इनून नव्हता राहिला. नुसता बसला होता." आणि ती रडायला लागली. तोंडाला पदर नाही, काही नाही, दोन्ही हात त्या बोटभर पट्टीवर ठेवून लहान पोरीसारखी रडत राहिली. माळी जेवायचे थांबले. सीमा मॅडमना मराठी कळत नव्हती, त्या माझ्याकडं बघत होत्या. पहारेकऱ्यानं टाकीवरून पाण्याचा गडवा आणून तिच्याजवळ ठेवला.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "रामाले फोन लाव."

मी बाबांना फोन लावला, आवाज मोठा केला आणि मोबाईल सतरंजीवर ठेवला. बाबा नेहमीच्या मास्तरी आवाजात म्हणाले, "बोला. सापडलं का काही?" आत्यानं सगळं सांगितलं. गाठी, दहा पट्ट्या, आणि मग ती अकरावी. "एक बोट हाय, रामा. दिवसभराचं एक बोट. लल्यानंबी हात लावून पाह्यलं."

मला वाटलं, फोन कटला. मी उचलायला गेलो, आत्यानं माझा हात बाजूला केला.

"बाई," बाबा म्हणाले, आणि आवाज मास्तराचा नव्हता. "मंग माय आपल्याले असं काहून सांगे व? थे त घरातच होती. तिले दिसलं नसन का?"

आत्यानं पदरानं तोंड पुसलं.

"बायांच्या रडण्यात पंज्याचा ठोका वाजून राहिला का नाई, कोनाले आयकू येते, रामा? अन् आपला माग भिंतीकडं तोंड करून होता. मायले नुसती त्याची पाठ दिसली."

बाबांनी फोन ठेवला नाही. आत्यानं हात परत त्या बोटभर पट्टीवर ठेवले. मोबाईल तसाच आमच्या दोघांच्या मधे, सतरंजीवर, चालू राहिला.